जांभळाच्या जिभेला रेड वाइनची ओळख

भोर तालुक्यात भाटघर जलाशयाच्या काठी किंवा पलीकडे पानशेतच्या वाटेवर उन्हाळ्यातल्या शनिवारी संध्याकाळी दिसणारे एक दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही. पुण्याहून आलेली मित्रमंडळी शेतघराच्या अंगणात सतरंजी अंथरून बसलेली असतात, चुलीवर मटण रटरटत असते आणि कोणीतरी ‘आज काहीतरी वेगळे’ म्हणून रेड वाइनची बाटली आणलेली असते. दुपारभर मोटारीच्या डिकीत राहिल्याने ती हाताला चांगलीच गरम लागते. ‘रेड वाइन थंड करायची नसते’ हे मात्र मंडळींपैकी एकाला पक्के ठाऊक असते. मग ती तशीच कागदी पेल्यांत ओतली जाते. पहिल्या घोटाला चेहरे वाकडे होतात, दुसऱ्या घोटाला जीभ ओढल्यासारखी होते आणि तिसऱ्या घोटाआधी कोणीतरी त्यात बर्फ आणि लिंबाच्या चवीचा सोडा मिसळून टाकते. बाटली कशीबशी संपते आणि ‘वाइन आपल्याला मानवत नाही’ हा निष्कर्ष तेवढा कायमचा मागे उरतो.

या प्रसंगात बहुतेक वेळा वाइन बिघडलेली नसते आणि जिभेतही काही उणे नसते. चुकते ते दोन ठिकाणी. एक तर वाइन प्रमाणाबाहेर गरम असते. दुसरे म्हणजे, द्राक्षाची म्हणून ती गोड असेल अशी अपेक्षा मनात असते आणि तोंडात येतो तो तुरटपणा. गंमत अशी, की हा तुरटपणा भोर-वेल्ह्याच्या माणसाला मुळीच परका नाही. मे-जूनमध्ये डोंगरातली जांभळे आणि करवंदे पानांच्या द्रोणांतून खाल्लेल्या कोणालाही तो लहानपणापासून ठाऊक आहे. फक्त काचेच्या पेल्यात तो भेटेल अशी त्याने कल्पना केलेली नसते.

या दोन तालुक्यांत द्राक्षमळे नाहीत. भोर आणि राजगड असे नामकरण झालेला वेल्हे तालुका हा सह्याद्रीच्या कुशीतला, भाताचा आणि धुवाधार पावसाचा मुलूख. द्राक्षवेलीला पानांवर साचणारे पाणी आणि दमट हवा सोसत नाही. केवडा आणि भुरी हे रोग लगेच गाठतात. तरीही महाराष्ट्राच्या रेड वाइनशी भोरचे एक नाते आहे आणि ते पाण्याचे आहे. नीरा नदी भोरच्या डोंगरात उगम पावते. भाटघर आणि नीरा देवघर ही धरणे याच तालुक्यात आहेत आणि त्यांचे पाणी नीरेच्या कालव्यांनी पूर्वेकडे बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या कोरड्या पट्ट्यात जाते. नीरेकाठच्या अकलूजच्या परिसरात, मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव येथे ‘फ्रातेल्ली’ या कंपनीने वाइनच्या द्राक्षांचे मळे उभे केले. फ्रातेल्ली या इटालियन शब्दाचा अर्थ भाऊ. भारतीय आणि इटालियन भावांच्या जोड्यांनी मिळून हा उद्योग सुरू केला म्हणून हे नाव. इटलीतल्या तोस्काना प्रांताची सँजोव्हेझे ही द्राक्षाची जात तिथे सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात पिकते. पाऊस एका टोकाला आणि द्राक्षे दुसऱ्या टोकाला, असे हे एकाच नदीचे खोरे आहे.

पुणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर वाइनची सुरुवात याहून जुनी आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या साह्याने फेसाळ वाइन बनवायला घेतली आणि ती परदेशातही पाठवली. त्यांची इंडाज कंपनी पुढे बंद पडली, पण महाराष्ट्रात चांगली वाइन होऊ शकते हे तिने दाखवून दिले. नाशिकला राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आखले आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभारण्याचे ठरले. पुण्याजवळ मांजरी येथे तर राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ पासून आहे. थोडक्यात, पहिली बाटली निवडताना फ्रान्स-इटलीकडे पाहण्याची काही आवश्यकता नाही.

तुरटपणा येतो कुठून?

खाण्याच्या बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर फोडून पाहिला, तर आतला रस जवळपास रंगहीन असतो. वाइनच्या काळ्या द्राक्षांचेही तसेच आहे. लाल-जांभळा रंग असतो तो सालीत. व्हाइट वाइनसाठी द्राक्षे पिळून नुसता रस आंबवतात. रेड वाइनसाठी मात्र द्राक्षे फोडून साली आणि बियांसकट टाकीत आंबवली जातात. यीस्ट रसातली साखर खाऊन तिचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड बनवते, वायूबरोबर साली वर तरंगून त्यांचा जाड थर धरतो आणि तो थर दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो. या काही दिवसांत सालींतला रंग रसात उतरतो, आणि त्याबरोबरच साली व बियांतले टॅनिनही. साखर जवळपास सगळी संपलेली असते. म्हणून चांगली रेड वाइन बहुधा गोड नसते. इंग्रजीत अशा वाइनला ‘ड्राय’ म्हणतात; मराठीत ‘अगोड’ म्हटले की अर्थ नेमका पोहोचतो.

टॅनिन हे झाडांच्या साली, फळे, पाने यांत सापडणारे द्रव्य आहे. सह्याद्रीतला हिरडा चामडे कमावण्यासाठी वापरला जातो तो त्यातल्या टॅनिनमुळेच. कातड्यातल्या प्रथिनांना ते घट्ट धरते. तोंडातही तेच घडते. लाळेतली प्रथिने जीभ आणि हिरड्या बुळबुळीत ठेवतात. टॅनिन त्यांना बांधून टाकते, तो बुळबुळीतपणा नाहीसा होतो आणि जीभ टाळूला घासल्यासारखी वाटते. खरे पाहता हा स्पर्शाचा अनुभव आहे, पण आपल्याकडे त्याला रसांतच स्थान मिळाले. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू यांच्या पंक्तीत आयुर्वेदाने ‘कषाय’ हा सहावा रस मांडला आणि रोजच्या मराठीत त्याला ‘तुरट’ हा सोपा शब्द आहे. आवळा, डाळिंबाची साल, कच्चे केळे, सुपारी, कात या सगळ्यांचे वर्णन एका शब्दात होते. इंग्रजी बोलणाऱ्या नवख्याला रेड वाइनबद्दल बोलण्यासाठी एक अवजड शब्द शिकावा लागतो. मराठी माणूस तिथे आधीच एक पायरी वर उभा आहे.

याची खात्री करून घेण्यासाठी वाइनही लागत नाही. चहाची पूड पाण्यात दहा मिनिटे खळखळून उकळावी आणि तो कोरा चहा साखरेविना एक घोट घ्यावा. जीभ आणि गालांच्या आत जे जाणवते तेच टॅनिन. आता त्यात चमचाभर दूध घालून पुन्हा घोट घ्यावा. तुरटपणा लगेच उतरतो, कारण टॅनिनला धरायला दुधातली प्रथिने मिळाली आणि लाळेतली प्रथिने सुटली. रेड वाइनबरोबर मटण किंवा चीज का रुचते, याचे निम्मे उत्तर या कपात आहे. जांभळावर मीठ टाकून खाण्याची आपल्याकडची पद्धतही याच जातीची. मीठ तुरट-कडू चव मवाळ करते आणि फळाचा गोडवा पुढे आणते. जेवणातले मीठ वाइनच्या बाबतीत हेच काम करते. म्हणून रेड वाइन नुसती पिण्यापेक्षा जेवणाबरोबर घोटघोट घेतली, तर नवख्याला ती कितीतरी सौम्य वाटते.

गोडपणाची अपेक्षा मराठी माणसाच्या मनात का घट्ट बसली, याचे उत्तर बहुधा गोव्याच्या सहलीत आहे. तिथून आणलेली ‘पोर्ट’ ही अनेकांची पहिली लाल वाइन. मूळ पोर्ट पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातली. तिथे रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचे तीव्र मद्य ओततात, त्यामुळे यीस्ट मरते आणि उरलेली साखर तशीच राहते. आपल्याकडे पोर्ट या नावाने स्वस्तात मिळते ती बहुधा निव्वळ गोड लाल वाइन असते. तिच्यात वाईट काही नाही. पण तिची चव जिभेवर ठेवून अगोड शिराझचा घोट घेणे म्हणजे उसाच्या रसाच्या आशेने कोकमाचे आगळ पिण्यासारखे आहे.

गरम की गार?

‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हे वाक्य जिथे जन्मले, त्या खोल्या युरोपातल्या होत्या. जाड दगडी भिंती, बाहेर थंडी आणि आत सोळा-अठरा अंश. मे महिन्यातल्या भोरच्या पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घराला हे वाक्य लागू करणे म्हणजे वाइनवर अन्याय आहे. तीस अंशांच्या वर गेलेल्या वाइनमधून मद्यार्काची वाफ आधी नाकात शिरते, फळाचा गंध तिच्याखाली दबतो आणि घोट घशाला पोळतो. याउलट रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेली रेड वाइनही फसते. अति थंडीत गंध गोठतात आणि तुरटपणा अधिक कडक भासतो. जड अंगाच्या रेड वाइनला सोळा ते अठरा अंश आणि हलक्या, फळदार वाइनला बारा ते चौदा अंश हे योग्य मानले जाते. थर्मामीटर नसला तरी हरकत नाही. बाटलीला हात लावल्यावर ती माठातल्या पाण्यासारखी गार वाटली पाहिजे, आइस्क्रीमसारखी नाही.

उन्हाळ्यात तापलेली बाटली फ्रिजमध्ये दीड-दोन तास ठेवली की काम होते. पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या सुमारास अर्धा-पाऊण तास पुरे. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून बाटली त्यात मानेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे बुडवावी. नुसता बर्फ टाकू नये. बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटली सगळीकडून गार होत नाही. रात्रभर थंड झालेली बाटली असेल तर पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढावी. पेल्यात बर्फ टाकण्याचा मोह मात्र टाळावा, कारण वितळणाऱ्या पाण्याने चव पातळ होते. वेल्ह्याच्या आतल्या गावांत वीज गेली आणि बर्फही नसला, तर जुनी युक्ती आहेच. ओले फडके बाटलीभोवती गुंडाळून ती वाऱ्याच्या झोतात, सावलीत ठेवायची. माठ ज्या कारणाने पाणी गार करतो त्याच कारणाने बाटलीही उतरते. मार्च ते मे या कोरड्या दिवसांत ही युक्ती चांगली चालते. जुलैत हवाच पाण्याने भरलेली असते, तेव्हा फडके ओलेच राहते आणि बाटलीही आहे तशीच. डिसेंबर-जानेवारीत राजगडाच्या पायथ्याशी मात्र काहीच करावे लागत नाही. फडताळातून काढलेली बाटली त्या दिवसांत अगदी हवी तशी असते.

पेल्याबद्दल फार बाऊ करण्याचे कारण नाही. खाली फुगीर आणि वर निमुळता काचेचा पेला चांगला, कारण त्यात गंध कोंडून राहतो आणि देठाला धरल्याने हाताची ऊब लागत नाही. तो एक तृतीयांशच भरावा. उरलेली जागा वासासाठी असते. असा पेला घरात नसेल तर साधा पातळ काचेचा ग्लास चालेल. कागदी आणि प्लास्टिकचे पेले टाळावेत, त्यांचा स्वतःचाच वास असतो. स्टीलच्या भांड्याने अपाय होत नाही, पण रंग दिसत नाही आणि निम्मी मजा जाते. तांब्या-पितळेचा पेला मात्र कितीही देखणा असला तरी वर्ज्य. वाइन आंबट असते, आणि कल्हई नसलेल्या पितळेत ताक जसे कळकते, तशी तीही कळकेल.

बाटलीला फिरकीचे झाकण असेल तर कमी दर्जाची वाइन समजू नये. लगेच प्यायच्या वाइनला ते बुचापेक्षा अधिक भरवशाचे असते. बूच असेल तर स्क्रू मधोमध, सरळ घालावा आणि सावकाश ओढावे. ताजी, कडक वाइन वीसेक मिनिटे काचेच्या जगात ओतून ठेवली तर हवेने ती थोडी मोकळी होते. उन्हाळ्यात मात्र तेवढ्यातच ती तापते, तेव्हा जग आधी गार करून घ्यावा. वाइनला भिजलेल्या गोणपाटाचा किंवा ओल धरलेल्या पुठ्ठ्याचा वास येत असेल तर तो बुचातून आलेला दोष आहे. अशी बाटली परत करण्यात संकोच नसावा. व्हिनेगरचा झोंबरा वास आला, तरी तेच.

पहिला घोट

पेला पांढऱ्या कागदासमोर किंचित तिरका धरून रंग पाहावा. तरुण वाइन जांभळ्या छटेची, मुरलेली विटकरी छटेची. जांभूळ खाल्ल्यावर जिभेला जो रंग चढतो आणि रेड वाइनला जो रंग असतो, ते दोन्ही अँथोसायनिन या एकाच कुळातल्या रंगद्रव्यांचे आहेत, हे कळल्यावर पेल्याकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलते. मग पेला हलकेच गोल फिरवून नाक जवळ न्यावे आणि घाई न करता वास घ्यावा. वाइनच्या इंग्रजी पुस्तकांत ब्लॅकबेरी, करंट, चेरी अशी फळे भेटतात, जी आपल्यापैकी बहुतेकांनी झाडावर कधी पाहिलेलीही नसतात. त्यांच्या मागे लागून अडखळण्यापेक्षा आपल्या ओळखीचे वास शोधावेत. पिकलेले जांभूळ, काळे करवंद, मनुका, मिरी, लवंग, सुकी तंबाखू, पहिल्या पावसाची माती. शिराझमध्ये मिरीचा वास येतो तो केवळ कल्पनेचा खेळ नव्हे. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यामागचे रोटंडोन हे द्रव्य शोधून काढले. काळ्या मिरीला तिचा वास देणारे द्रव्यही तेच आहे. घरातल्या मिरीचे दोन दाणे ठेचून आधी त्यांचा वास घ्यावा आणि लगेच पेल्याचा. नाकाला धागा सापडतो.

घोट लहान घ्यावा आणि क्षणभर तोंडात फिरवून मग गिळावा. त्या क्षणात चार गोष्टींकडे लक्ष गेले तरी पुष्कळ झाले. जिभेच्या कडांना सुटणारे पाणी म्हणजे आम्लता, हिरड्यांवरचा खरखरीतपणा म्हणजे टॅनिन, घशातली ऊब म्हणजे मद्यार्क, आणि या सगळ्यांच्या मागे राहते ते फळ. गिळल्यावर चव किती वेळ टिकते तेही पाहावे. पहिल्या घोटावर कधीच मत बनवू नये. जेवणाचा एखादा घास घेऊन दुसरा आणि तिसरा घोट घ्यावा, मग काय ते ठरवावे.

जात कोणती निवडावी, या प्रश्नावर जाणकार तासन्‌तास बोलतात. नवख्याने मर्लोपासून सुरुवात करावी हे बरे. तिचा तुरटपणा मऊ असतो. त्यानंतर शिराझ, जी महाराष्ट्राच्या हवेत चांगली रुळली आहे आणि मसालेदार जेवणाशी जमवून घेते. सँजोव्हेझे जरा आंबट अंगाची. कॅबरने सोव्हिन्याँ सर्वांत तुरट आणि करारी. तिची भेट दोन-तीन बाटल्यांनंतर झालेली उत्तम. ‘रिझर्व्ह’ असे लिहिलेली वाइन बहुधा ओक लाकडाच्या पिंपात मुरलेली असते आणि तिला व्हॅनिलाचा, धुराचा गंध येतो. पहिल्याच खेपेला तेवढा खर्च करण्याची गरज नाही. बाटलीवरचे वर्ष मात्र जरूर पाहावे. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना होणारी गोडी छाटणी अशा दोन छाटण्या होतात आणि द्राक्षे जानेवारी ते मार्च या काळात काढली जातात. बाटलीवर त्या काढणीचे वर्ष असते. आपल्या बहुतेक रेड वाइन दोन ते चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच बनवलेल्या असतात. ‘जुनी तेवढी चांगली’ म्हणून फडताळात दहा वर्षे जपलेली साधी बाटली शेवटी निराशाच देते, आणि दुकानाच्या उन्हातल्या काचेमागे उभी असलेली बाटली तर स्वस्तातही घेऊ नये.

जेवणाच्या जोडीबद्दल युरोपीय नियम इथे अर्धेच लागू पडतात, कारण त्या नियमांत मिरची नाही. मद्यार्क आणि टॅनिन दोन्ही तिखटाचा दाह वाढवतात. झणझणीत रश्शाबरोबर कॅबरने घेतली, तर रस्सा आणि वाइन दोन्ही एकमेकांना बिघडवतात. तिखट हात राखून, भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याच्या वाटणात शिजवलेले मटण मात्र शिराझशी सुरेख जुळते. भाजलेल्या खोबऱ्याचा खमंगपणा आणि पिंपातल्या ओकचा धुरकट गंध हे एकाच घराण्यातले. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि भाकरी ही शाकाहारी जोडी तर अनेक हॉटेलांतल्या पदार्थांहून सरस ठरते. पिठल्यात लसूण-मिरची बेताची असेल तर मर्लो चालते. इंद्रायणीचा मऊ भात मध्ये असला की तिखटाचा जोरही आवरतो. सुकट, बोंबील किंवा धरणातली मासळी यांच्याबरोबर मात्र रेड वाइन टाळावी. काही रेड वाइनमध्ये लोहाचा अंश अधिक असतो, तो मासळीतल्या चरबीशी मिळून तोंडात उग्र हिमूस चव उठवतो. जपानमधील संशोधकांनी २००९ मध्ये हे दाखवून दिले. ताक, कढी आणि लोणचे यांच्यापुढेही वाइन हरते.

हे सर्व सांगताना एक हिशेब टाळून चालणार नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइनविक्रीला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, त्यावर मोठा गदारोळ झाला आणि तो निर्णय अंमलात आला नाही. त्या वादात ‘वाइन म्हणजे काही दारू नव्हे’ हे वाक्य वारंवार ऐकू आले. आकडे काय सांगतात ते पाहावे. १३ टक्के मद्यार्काच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा एक पेला म्हणजे सुमारे १५ ग्रॅम शुद्ध मद्यार्क. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये तो सुमारे १० ग्रॅम असतो. म्हणजे वाइनचा एक पेला हा दीड लहान पेगाइतका भरतो आणि ७५० मिलिलिटरची अख्खी बाटली साडेसात पेगांइतकी. चव सौम्य म्हणून परिणाम सौम्य, असे शरीर मानत नाही.

रेड वाइन हृदयाला चांगली, ही १९९० च्या दशकात पसरलेली समजूतही आता तशी उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले, की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. मद्य कर्करोगाला कारण ठरते, हे संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याआधी कितीतरी वर्षे नोंदवून ठेवले आहे. तेव्हा औषध म्हणून कोणी वाइन सुरू करू नये. न पिणाऱ्याने न पिणेच शहाणपणाचे. गर्भवतींनी, यकृताचा विकार असणाऱ्यांनी आणि झोपेची वा मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. ज्यांना चवीसाठीच चाखायची आहे त्यांनी एका पेल्यावर थांबावे, रिकाम्या पोटी घेऊ नये आणि प्रत्येक पेल्याबरोबर तेवढेच पाणी प्यावे.

भोर-वेल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. इथून परतीचा रस्ता बहुधा घाटाचा असतो. पाबे घाटाची वळणे किंवा महाडकडे उतरणारा वरंध घाट दिवसा शुद्धीवरही कसोटी पाहतात. पावसाळ्यातले धुके आणि दरडी वेगळ्याच. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क एवढी आहे, आणि लहानखुऱ्या देहाच्या माणसाला वाइनचा एकच मोठा पेलाही तिच्या पलीकडे नेऊ शकतो. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने पेला नुसता हुंगून बाजूला ठेवावा. वाइनचा अर्धा आनंद वासातच असतो, त्यामुळे त्याचे तेवढेसे नुकसान होत नाही. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर या गडांवर बाटली न्यायची नसते, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. बाहेरून येणाऱ्याला मात्र आवर्जून सांगावे.

राहता राहिली उरलेली बाटली. चौघांत एक बाटली उघडली आणि प्रत्येकी एकच पेला घेतला, तर तळाशी एक पेला शिल्लक राहतो. तो संपवलाच पाहिजे असा काही नियम नाही. बूच किंवा झाकण घट्ट लावून बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवावी आणि पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढावी. तीन-चार दिवस ती चांगली राहते. कडक, तुरट वाइन तर दुसऱ्या दिवशी कित्येकदा अधिक मऊ लागते, कारण रात्रभरात हवेने तिचे कोपरे झिजवलेले असतात. आदल्या दिवशी नाक मुरडलेल्याने मुद्दाम दुसऱ्या दिवशी दोन घोट चाखून पाहावेत. आठवडा उलटला की ती आंबट होऊ लागते. तेव्हा ती मटणाला आले-लसणाबरोबर तासभर चोळून ठेवायला वापरावी, किंवा कांद्याच्या फोडी तिच्यात मुरवाव्यात. त्या जांभळ्या होतात आणि भाकरीबरोबर छान लागतात.